बायपास आणि ताणाची संप्रेरकं: पेशंटच्या घरच्यांनी कधी काय करायचं

बायपास व्यवस्थित झाल्याचं सर्जन सांगून जातात, घरच्यांच्या जिवात जीव येतो, आणि तासाभरात आयसीयूच्या दाराशी पुढचे प्रश्न सुरू होतात. बाबांना कधी शुगर नव्हती, मग इन्सुलिन का लावलंय? हातापायांवर सूज कशाने आली? काल नीट बोलत होते, आज नर्सला म्हणतात, तुम्ही मला इथे कोंडून ठेवलंय. डॉक्टर काहीतरी लपवत तर नाहीत ना?

बहुतेक वेळा कोणी काही लपवत नसतं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला शरीर जे उत्तर देतं, ते असंच दिसतं. हे उत्तर देणारी मंडळी म्हणजे ताणाची संप्रेरकं, म्हणजेच स्ट्रेस हार्मोन्स. हृदयाच्या ऑपरेशनला भूल देण्याचं काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे: ही लाट येणार हे आधीपासून ठाऊक असतं आणि तिची तयारीही असते. घोटाळा होतो तो घरच्यांनी आम्हाला न सांगितलेल्या गोष्टींमुळे. म्हणून या लेखात ऑपरेशनच्या आधीच्या टप्प्याला जास्त जागा दिली आहे. औषधाचा कोणताही बदल मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचा. कोणती गोळी कधी थांबवायची हे पेशंटगणिक बदलतं.

आधी थोडं समजून घ्या

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक छोटी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनलिन येतं आणि बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल. अ‍ॅड्रेनलिन आणि मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन सेकंदांत काम करतात: नाडी वाढते, बीपी चढतं. कॉर्टिसोल सावकाश येतं आणि जास्त दिवस राहतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि मग अ‍ॅड्रिनल कॉर्टिसोल बनवते. निरोगी माणसात ते पहाटेपासून चढून सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. एरवी दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम तयार होतं. मोठ्या ऑपरेशनच्या दिवशी त्याच्या कैक पट.

कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन आणि स्वादुपिंडातून येणारं ग्लुकागॉन तिघं मिळून रक्तातली साखर वाढवतात. व्हॅसोप्रेसिन आणि अल्डोस्टेरॉन ही आणखी दोन संप्रेरकं अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतात. सूज येते ती बरीचशी यामुळे आणि सलाइनमुळे. थायरॉइडचं टी-३ काही दिवस खाली जातं. आणि स्नायू झिजतात. ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या दशकात हाड मोडलेल्या पेशंटांच्या लघवीतून किती नायट्रोजन जातो ते मोजलं, तेव्हा दुखापतीनंतर शरीर आपलेच स्नायू मोडून खातं हे लक्षात आलं. बायपासनंतर 'मांड्या एकदम बारीक झाल्या' असं घरच्यांना वाटतं, ते म्हणूनच.

पहिला टप्पा: औषधांची पिशवी

ऑपरेशनची तारीख ठरली की घरातल्या सगळ्या गोळ्या, इंजेक्शनं, पंप, काढे, पुड्या आणि चूर्णं एका पिशवीत भरा. यादी नको, प्रत्यक्ष पाकिटं हवीत. 'ती सकाळची पांढरी गोळी' या वर्णनात भारतातली निम्मी औषधं बसतात.

या पिशवीत तीन गोष्टी शोधायच्या आहेत.

सर्वांत महत्त्वाची स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखं काम करणारी औषधं. दमा, संधिवात, त्वचेचे आजार, किडनीचे काही आजार यांसाठी प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशी औषधं दिली जातात. रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ घेतलं असेल, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेली असू शकते. कॉर्टिसोल बाहेरून मिळतंय म्हटल्यावर ती स्वतः बनवणं सोडते आणि गोळी बंद केल्यावरही जागी व्हायला कित्येक महिने लागू शकतात. एरवी हे कळतही नाही. ऑपरेशनच्या दिवशी मात्र शरीर कैक पट कॉर्टिसोल मागतं आणि ग्रंथी देऊ शकत नाही. बीपी पडतं, आणि ते चढवणाऱ्या औषधांनाही नीट दाद देत नाही. हे आधी कळलं तर उपाय सोपा आहे: भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन साधारण १०० मिलिग्रॅम, आणि त्यानंतर दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅम सलाइनमधून. स्वस्त, जुनं, सगळीकडे मिळणारं औषध. फक्त सांगायला हवं.

आणि इथेच आपल्याकडे गोम आहे. पुष्कळ पेशंट शपथेवर सांगतात की स्टेरॉइड कधी घेतलं नाही, आणि ते खोटं बोलत नसतात. गुडघेदुखीसाठी कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली, कागदात बांधलेली, नाव-गाव नसलेली पुडी त्यांना 'औषध' वाटतच नाही. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकार नवे नाहीत. ओळखायच्या खुणा: दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम, भूक वाढणं, चेहरा गोल होणं, हातावर जरा लागलं की काळं-निळं पडणं, आणि पुडी थांबवली की गळून जाणं. यातलं काही आठवलं तर पुडी पिशवीत टाका आणि लाजू नका. डॉक्टर रागावतील म्हणून ती लपवणं फार महागात पडू शकतं. सांधे किंवा पाठीत घेतलेली इंजेक्शनं, रोजचा दम्याचा पंप, वर्षभरात घेतलेले स्टेरॉइडचे छोटे कोर्स, हेही सांगा. आणि चालू असलेलं स्टेरॉइड घाबरून स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट डायबेटिसच्या गोळ्यांमधली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या हृदयासाठीही चांगल्या म्हणून आता सर्रास दिल्या जातात. त्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात (एर्टुग्लिफ्लोझिन चार). कारण ताणाच्या संप्रेरकांमुळे चरबी वितळून कीटोन नावाची आम्लं तयार होतात, वर उपाशीपोट. त्यात ही गोळी अंगात असेल तर रक्त आम्लधर्मी होतं, आणि साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. त्यामुळे निदान हुकतं. मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबरच्या जोडगोळ्यांत हे औषध दडलेलं असतं, म्हणून स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचा. शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेलं काहीही दिसलं की विचारा.

तिसरी, बीटा-ब्लॉकर: मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलॉल. ही उलट चालू ठेवायची असतात, बहुधा ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा, घोटभर पाण्याबरोबर. अ‍ॅड्रेनलिनच्या माऱ्यापासून हृदयाला आडोसा देणारं हे औषध नेमकं त्या दिवशी सुटलं तर नाडी उसळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं वेळापत्रक सर्जन लेखी देतात, ते तसंच पाळा.

आणखी एक काम: ऑपरेशनपूर्वी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासलंय ना, ते बघा आणि रिपोर्ट फाइलमध्ये वर ठेवा. का, ते पुढे येईल.

दुसरा टप्पा: आदली रात्र आणि उपास

काळजीनेही ताणाची संप्रेरकं वाढतात; म्हणून आदल्या रात्री झोपेची सौम्य गोळी देण्याची पद्धत आहे. 'सवय लागेल' म्हणून ती नाकारू नका. पैशांचं बोलणं, कोणत्या काकांनी फोन केला नाही याची चर्चा पेशंटच्या खाटेशी नको.

उपासाबद्दल आपल्याकडे उत्साह जास्त. साधारण नियम असा: जड जेवण ८ तास आधी बंद, हलकं खाणं ६ तास आधी, आणि पाणी किंवा दूध न घातलेला चहा २ तास आधीपर्यंत चालतो. तुमच्या हॉस्पिटलने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा, पण 'रात्री दहानंतर थेंबभर पाणीही नाही' हे घरच्यांनी स्वतःहून ठरवू नये. लांबलेल्या उपासाने शरीर इन्सुलिनला आणखी कमी दाद देतं आणि पेशंट कोरडा पडतो. आईने नवस म्हणून निर्जळी धरली असेल तर ती ऑपरेशननंतर फेडा. देव समजून घेतो.

तिसरा टप्पा: ऑपरेशन थिएटरमध्ये काय चालतं

इथे तुम्हाला काही करायचं नाही, पण माहीत असलेलं बरं. संप्रेरकं उसळण्याचे ठरलेले क्षण असतात: श्वासनळीत नळी घालताना, छातीचं हाड कापताना, आणि हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) वापरलं तर त्यावर असताना व उतरताना. प्रत्येक क्षणाच्या आधी भूल आणि फेंटानिलसारखं वेदनाशामक खोल केलं जातं.

हार्ट-लंग मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात केलं. मशीन भरायला लागणारं लिटर-दीड लिटर द्रव रक्तात मिसळतं, त्यामुळे सुरुवातीला कॉर्टिसोलचा आकडा खाली गेल्यासारखा दिसतो. ते नुसतं पातळ होणं असतं. पुढे तो चढतो. दुसरीकडे रक्त फुप्फुसांतून जायचं थांबतं. एरवी फुप्फुसं नॉरअ‍ॅड्रेनलिनचा बराच वाटा रक्तातून काढून टाकतात. ते काम बंद पडल्यावर पातळी आणखी वाढते. व्हॅसोप्रेसिनही भरपूर वाढतं. शरीर थंड ठेवलेलं असताना इन्सुलिन कमी सुटतं, आणि पुन्हा गरम करताना साखर उसळते.

भारतात बरेच बायपास मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर होतात. मशीनचे परिणाम त्यात टळतात, पण छाती उघडली जातेच. कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन तरीही वाढतात. 'बीटिंग हार्ट केलंय म्हणजे शुगर वाढणार नाही' असं समजू नका.

भुलीने फरक किती पडतो याची एक नोंद आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. के. जे. एस. आनंद आणि पॉल हिकी यांनी १९९२ मध्ये हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या ४५ नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुफेंटानिल या फेंटानिलसारख्या वेदनाशामकाचा मोठा डोस मिळालेल्या ३० बाळांत ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि एकही बाळ दगावलं नाही. नेहमीची हलकी भूल मिळालेल्या १५ पैकी ४ दगावली. अभ्यास लहान होता, पण तान्ह्या बाळांना वेदना कळत नाहीत ही जुनी समजूत मोडायला त्याने मोठा हातभार लावला.

मग मोठ्यांना स्टेरॉइड देऊन ही सगळी प्रतिक्रियाच दाबून का टाकत नाहीत? करून पाहिलंय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मशीनवर ऑपरेशन झालेल्या ७,५०७ पेशंटांपैकी निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं. मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आता ते मोठ्यांमध्ये सरसकट देत नाहीत; ज्याची अ‍ॅड्रिनल झोपलेली आहे त्याची गोष्ट वेगळी.

चौथा टप्पा: आयसीयू आणि इन्सुलिनचा पंप

पहिल्या दिवशी साखर २०० च्या पुढे जाणं, तेही कधी डायबेटिस नसलेल्याची, ही रोजची गोष्ट आहे. ती उतरवली नाही तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि छातीच्या हाडाचा संसर्ग हे फार मोठं दुखणं. म्हणून शिरेतून इन्सुलिन देतात आणि दर एक-दोन तासांनी साखर बघतात.

किती उतरवायची, यावर डॉक्टरांमध्येच मोठा वाद झाला होता. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन इथे १,५४८ आयसीयू पेशंटांत, ज्यांत बहुसंख्य हृदयाच्या ऑपरेशनचे होते, साखर ८० ते ११० मध्ये घट्ट धरल्यावर आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले. जगभर सगळे ते करू लागले. मग २००९ मध्ये ६,१०४ पेशंटांच्या 'नाइस-शुगर' चाचणीत उलटं निघालं: घट्ट धरलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, १८०च्या आत ठेवलेल्या गटात २४.९. साखर फार खाली जाण्याचे प्रकार घट्ट गटात खूपच जास्त होते. तेव्हापासून सर्वसाधारण धोरण १८० च्या आत ठेवण्याचं. तेव्हा मॉनिटरशेजारच्या तक्त्यावर १६० दिसलं म्हणून नर्सच्या मागे लागू नका. ते बरोबर आहे.

आता तो एचबीए१सी. ऑपरेशनपूर्वीचा आकडा ५.७ च्या खाली असेल तर ही साखर ताणाची. बहुधा काही दिवसांत उतरते. ६.५ किंवा जास्त असेल तर डायबेटिस आधीपासून होता, फक्त आज कळला. ऑपरेशननंतर हीच तपासणी करून उपयोग नाही, कारण रक्त चढवलेलं असेल तर आकडा फसवतो. आधी तपासलंच नसेल तर घरी गेल्यावर उपाशीपोटीची साखर बघा आणि एचबीए१सी तीन महिन्यांनी करा.

'कॉर्टिसोलची टेस्ट करा ना' अशी मागणीही हल्ली होते. ऑपरेशननंतर ती वाढलेलीच येणार. शिवाय बहुतेक कॉर्टिसोल रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं, आणि ती प्रथिनं या दिवसांत घटतात. त्यामुळे एकूण आकडा कमी आला तरी मोकळं, कामाचं कॉर्टिसोल पुरेसं असू शकतं. प्रेडनिसोलोन चालू असेल तर लॅबमधली काही मशीन त्यालाच कॉर्टिसोल समजून मोजतात. भरपूर औषधं देऊनही बीपी उचलत नसेल, तेव्हा डॉक्टर या दिशेने विचार करतात आणि अनेकदा टेस्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतात.

पाचवा टप्पा: दुसरा-तिसरा दिवस

नळी निघाली, पेशंट बसता झाला, सगळे निवांत झाले, आणि नेमकी याच वेळी नाडी बेताल होते. ही बेताल नाडी, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, बायपासनंतर साधारण दर तीन-चार पेशंटांत एकाला होतं, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अ‍ॅड्रेनलिनचा जोर, सूज आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमचे चढउतार अशी बरीच कारणं एकत्र येतात. म्हणूनच रोज पोटॅशियम तपासतात आणि बीटा-ब्लॉकर लवकर परत सुरू करतात. घाबरू नका, बहुतेकांची नाडी औषधांनी ताळ्यावर येते.

दुसरं म्हणजे भ्रम. रात्री कॉर्टिसोल उतरायचं ते उतरत नाही, झोप तुटते, दिवे आणि अलार्म अखंड चालू. सत्तरीपुढचा माणूस मग नळ्या ओढू लागतो, गेलेल्या भावाला हाका मारतो. इथे घरच्यांचं काम औषधाइतकंच मोलाचं असतं. चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या. ऐकू न येणारा, दिसत नसलेला माणूस लवकर गोंधळतो. भेटीला गेलात की वार, वेळ, जागा सांगा: 'आज गुरुवार, सकाळचे अकरा, ऑपरेशन झालंय, मी मंगेश.' घरच्या बोलीत बोला, मालवणी असो की अहिराणी. वाद घालू नका, 'असं कुठे असतं का' म्हणू नका. दिवसा जागं ठेवा, रात्री झोपू द्या.

आणि दुखणं सांगायला लावा. आपली जुनी माणसं 'होतंय सहन' म्हणतात आणि खोकत नाहीत, खोल श्वास घेत नाहीत. न सांगितलेलं दुखणं म्हणजे आणखी अ‍ॅड्रेनलिन, आणखी साखर आणि छातीत साठलेला कफ. दहापैकी किती दुखतंय, खोकताना किती दुखतंय, असं विचारा. मात्र घरून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून देऊ नका; बायपासनंतर ही औषधं धोक्याची.

सहावा टप्पा: घरी आल्यावर

अ‍ॅड्रेनलिन एक-दोन दिवसांत बरंचसं ओसरतं, कॉर्टिसोलला आणखी काही दिवस लागतात. ते उतरतं तशी इन्सुलिनची गरजही उतरते, आणि इथे डायबेटिसच्या पेशंटांना खरा धोका असतो. डिस्चार्जच्या दिवशी ठरलेला इन्सुलिनचा डोस आठवड्याभरात जास्त होऊ लागतो, भूकही अजून नीट परतलेली नसते, आणि पहाटे साखर घसरते. त्यात बीटा-ब्लॉकर छातीतली धडधड झाकतो. घाम मात्र सुटतो. म्हणून पहिले दोन आठवडे दिवसातून तीन-चारदा ग्लुकोमीटरने बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बेशुद्ध किंवा झापडलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका. सरळ हॉस्पिटल गाठा. आकडे सलग खाली दिसत असतील तर फॉलो-अपची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करा. धरलेलं पाणी निघून जात असल्यामुळे ते उतरायला हवं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर कळवा.

खाण्यात 'हलकं' म्हणून नुसती पेज आणि मऊ भात महिनाभर चालवू नका. स्नायू परत भरायला प्रथिनं लागतात: वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. मूगडाळ, दही, पनीर, अंड्याचा पांढरा भाग, मासे खात असाल तर उकडलेले किंवा कमी तेलातले मासे. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. खाल्लेल्याचे स्नायू व्हायला चालणंही हवं, घरातल्या घरात पाच-पाच मिनिटांपासून.

ज्यांचं स्टेरॉइड आधीपासून चालू होतं किंवा ज्यांच्या पुडीत ते निघालं, त्यांच्यासाठी डिस्चार्ज कार्डवर डोस हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक आहे का ते हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वीच विचारा. नसेल तर लिहून घ्या. घरी आल्यावर उलट्या, उठताना चक्कर, कमालीचा थकवा आणि कमी बीपी दिसलं तर 'ऑपरेशनचा अशक्तपणा' म्हणून घरी थांबू नका. कॅज्युअल्टीत गेल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: यांचं बायपास झालंय आणि हे स्टेरॉइडवर होते.